मोजणारे सरकारबाहेरचे

भिवंडी–वाडा रस्त्यावर अंबाडीचा नाका लागतो. इथून एक फाटा वज्रेश्वरीकडे वळतो आणि पुढे शिरसाडला अहमदाबाद महामार्गाला मिळतो. तानसा नदीच्या या टापूत पावसाळ्यात भात पिकतो आणि दिवाळी उरकली की वीटभट्ट्या लागतात. जव्हार-मोखाड्याच्या, वाड्या-विक्रमगडच्या पाड्यांवरून कातकरी आणि वारली कुटुंबे भट्टीवर येतात. घरात दाणा नसतो त्या पावसाळी दिवसांत त्यांनी मालकाकडून बयाणा उचललेला असतो. भट्टीवर दर आठवड्याला हातात पडते ती खर्ची, म्हणजे मीठ-मिरची-तांदळापुरते पैसे. मजुरी हजार विटांच्या भावाने मांडली जाते आणि शेवटचा हिशोब पावसाच्या तोंडावर होतो. त्यातून बयाणा आणि खर्ची वजा जाते. काही कुटुंबे चार पैसे घेऊन पाड्यावर परततात. काहींच्या नावावर उलट बाकी निघते आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो.

आता हे कुटुंब सरकारच्या कोणत्या रकान्यात घालायचे? शेतमजूर, स्थलांतरित, दारिद्र्यरेषेखालचे, बेरोजगार, वेठबिगार, कुपोषित मुलाचे आईबाप: यातला प्रत्येक रकाना वेगळ्या खात्याचा, वेगळ्या कायद्याचा आणि वेगळ्या तरतुदीचा. ज्या रकान्यात नाव पडेल तेवढीच त्या कुटुंबाची सरकारशी ओळख. रकानेच नसतील, किंवा ते भरणारा माणूस डोळेझाक करणारा असेल, तर कुटुंब भट्टीवर राबत असूनही देशाच्या हिशोबात नसते. मग हे रकाने तपासायचे कोणी? थिंक टँक म्हणजे दिल्लीच्या वातानुकूलित सभागृहात परिसंवाद भरवणारी मंडळी, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. माझ्या मते या संस्थांचे खरे काम दुसरे आहे. सरकारला सल्ला देणारे पुष्कळ असतात. सरकारने जे मोजले नाही ते मोजणे, आणि मोजले असेल तर कोणत्या मापाने मोजले हे तपासणे, यासाठी सरकारबाहेर बसलेला माणूस लागतो.

वेठबिगारीचेच घ्या. १९७६ साली वेठबिगार पद्धत कायद्याने रद्द झाली. कायदा आला, आता वेठबिगार किती हे शोधायला हवे होते. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने सोळा राज्यांत मिळून सुमारे साडेतीन लाख वेठबिगार असल्याचा अंदाज काढला. त्याच सुमारास, १९७८-७९ मध्ये, गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांनी मिळून दहा राज्यांत पाहणी केली. त्यांचा अंदाज निघाला २६ लाखांच्या वर. साडेतीन आणि सव्वीस! दोन्ही पाहण्या एकाच देशात, जवळजवळ एकाच काळात झालेल्या. इतका फरक बेरजेतल्या चुकीने पडत नाही. मजुराला प्रश्न कोणी विचारला, मालकाच्या ओट्यावर विचारला की झोपडीत, आणि कर्जापायी बांधलेल्या माणसाला बांधलेला मानायचे की नोकरीला लागलेला, यावर तो पडतो. त्यानंतर वेठबिगारीबद्दल बोलणाऱ्या कोणालाही २६ लाखांचा आकडा टाळून पुढे जाता आले नाही.

अंबाडीच्या परिसराला हा वाद पुस्तकी नव्हता. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणाऱ्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. तीसच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींवर जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत नोंदलेली आहे. स्वातंत्र्य आले, १९७६ चा कायदा आला, तरी ती संपली नव्हती. शिरसाडच्या रस्त्यावर वसई तालुक्यातले उसगाव आहे. तिथल्या विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली, ती वसई तालुक्यातल्या वेठबिगारांच्या मुक्तीच्या लढ्यातून. त्यांना कोणी थिंक टँक म्हणणार नाही, आणि त्यांनाही तसे म्हणवून घ्यायचे नसेल. पण माणूस कोणाकडे, किती कर्जावर, किती वर्षे राबतो याची गाववार नोंद केल्याशिवाय तहसीलदारापुढे एकही मुक्ती सिद्ध होत नव्हती. दिल्लीच्या पाहणीतला २६ लाखांचा आकडा आणि उसगावच्या कार्यकर्त्यांची वही ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी आणि पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्या काळात सभेने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या सांपत्तिक स्थितीची पाहणी केली. १८७६-७८ च्या दुष्काळात तिने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे सतत धाडली. सरकार म्हणे पाऊस बरा झाला. सभा म्हणे अमुक तालुक्यात विहिरी आटल्या, गुरे विकली गेली. पुढे १८९६ च्या दुष्काळात सभेच्या लोकांनी फॅमिन कोडमधले, म्हणजे सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांतले, हक्क मराठीतून गावकऱ्यांपर्यंत नेले आणि शेतसाऱ्यात सूट मागायला शिकवले. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. अहवाल पाठवत होती तोवर सभा सोसली गेली. तीच माहिती शेतकऱ्याच्या हातात पडली तेव्हा ती धोक्याची ठरली. स्वतंत्र अभ्यासाच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो.

गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी देणगी दिली, भारत सेवक समाजाने संस्था काढली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशोब, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी, असली कामे करून तिने नाव मिळवले. घरोघर जायचे, किती माणसे, किती जमीन, काय खाल्ले, काय विकले हे लिहून घ्यायचे आणि मग सिद्धान्ताकडे वळायचे, ही गाडगिळांची शिस्त. लोणीच्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच होते. म्हणजे अभ्यासाची जबाबदारी घेणारा माणूस शेतकऱ्यांसोबत कारखान्याच्या व्यवहाराचीही जबाबदारी घेत होता. शेवटी ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कोणत्या निकषांवर वाटायची याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले गेले.

या संस्थेतून निघालेल्या एका लेखनाने देशाची भाषाच बदलली. जानेवारी १९७१ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचे ‘भारतातील दारिद्र्य’ या विषयावरचे दीर्घ लेखन दोन अंकांत छापून आले. रथ ओडिशाचे, पण त्यांची सारी कारकीर्द पुण्याची. दोघांनी केले ते ऐकायला साधे आहे. माणसाला दिवसाला सरासरी २२५० उष्मांक लागतात असे धरले. मग राष्ट्रीय नमुना पाहणीचे तक्ते उघडले. त्यांत दरमहा दरडोई खर्चाप्रमाणे लोकांचे गट पाडलेले असतात, आणि प्रत्येक गट किती धान्य, डाळ, तेल, गूळ खातो तेही असते. ज्या गटापाशी खाणे २२५० उष्मांकांना पोचते, त्या गटाचा खर्च ही दारिद्र्याची सीमा. १९६०-६१ च्या किमतींनी ही सीमा खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. तिच्याखाली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसे होती.

आकड्याइतकाच त्यामागचा धीटपणा मोलाचा होता. वाढीचा फायदा मुख्यतः वरच्या थरांना मिळाला, असे त्यांनी त्याच सरकारी तक्त्यांवरून दाखवले. जमिनीचे फेरवाटप करून गरिबी हटेल या लाडक्या समजुतीलाही हात घातला. जमीन पुरेशीच नाही, सर्वांना तुकडे वाटले तर कोणाचेच भागणार नाही, असे त्यांचे म्हणणे. डाव्या विचारवंतांना ते झोंबले. यावर उपाय म्हणून खेड्यांत मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढा, मागेल त्याला काम द्या, आणि त्याचा भार सधनांनी आपला उपभोग कमी करून उचलावा, असे त्यांनी सांगितले. दोन महिन्यांनी ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर लोकसभेची निवडणूक झाली. घोषणा राजकारण्यांची होती. पण गरीब म्हणजे कोण, किती आणि त्यासाठी पैसा किती लागेल, हे प्रश्न पुण्याच्या दोन अर्थतज्ज्ञांनी टेबलावर मांडून ठेवले होते.

मागेल त्याला काम ही कल्पना महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूनेही चालत आलेली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूर भागात तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांवरच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला, म्हणजे सधनांनी भार उचलावा हे तत्त्व काही अंशी कायद्यात उतरले. २००५ मध्ये साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव समोर होता, आणि त्या अनुभवावर दांडेकरांसह अनेकांनी केलेली सडेतोड टीकाही होती. स्वतःला पटलेल्या योजनेचीही चिकित्सा करणे, हे मला या परंपरेचे मोठे बळ वाटते.

हे बळ सुखात्मे–दांडेकर वादात फार स्पष्ट दिसते. पां. वा. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख राहून ते पुण्याला परतले. त्यांचा आक्षेप होता मापावरच. ते म्हणत, उष्मांकांची गरज ही प्रत्येकासाठी ठरलेली एकच संख्या नसते. ती माणसागणिक बदलते, आणि एकाच माणसाची गरजही दिवसागणिक वरखाली होते, शरीर ठराविक मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी म्हटले तर उपासमार फुगवून दाखवली जाईल. त्या मर्यादेचे खालचे टोक धरा. आणि नुसते धान्य वाढवून भागणार नाही, जुलाबाने पोटातले अन्न वाहून जात असेल तर आधी स्वच्छ पाणी द्या. दांडेकरांचे उत्तर असे, की गरीब गटच्या गट सरासरीखाली खातो तेव्हा त्याच्या शरीराची गरज कमी आहे म्हणून तो कमी खात नाही; त्याला परवडत नाही म्हणून खात नाही.

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत हा वाद देशभर गाजला. सुखात्म्यांचे माप धरले तर उपाशी माणसांचा आकडा निम्म्याहूनही खाली येऊ शकत होता. धान्याच्या अनुदानाला कात्री लावू पाहणाऱ्यांना ते सोयीचे होते, पण म्हणून सुखात्म्यांचे शास्त्र खोटे ठरत नाही. पाण्याबद्दल ते बरोबर होते, हे आज पोषणाचा प्रत्येक अभ्यासक मान्य करतो. दारिद्र्याच्या मापाबाबत मला दांडेकरांचे पटते. भट्टीवर दिवसभर चिखल तुडवणाऱ्या आणि वाकून विटा थापणाऱ्या बाईला ‘तुझे शरीर जुळवून घेईल’ असे सांगणारे माप धोरणाच्या कामाचे नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली, तेव्हा कमी खाण्याशी शरीर कुठवर जुळवून घेते हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याला कळले.

माप तपासायला हवे ते हेतू चांगला असतानाही. वर आलेले पागे हे रोजगार हमीचे जनक, सचोटीचे माणूस. शेतमजुरांचे किमान वेतन ठरवणारी समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली नेमली गेली होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वर्ध्याच्या परिसरात काम करणारे तरुण डॉक्टर अभय बंग यांनी त्या समितीचा हिशोब ओळीओळीने तपासला. मजुराच्या कुटुंबाची गरज कमी धरल्यामुळे चार रुपये रोज निघाला होता. नीट मोजले तर तो बारा रुपये यायला हवा, असे त्यांनी दाखवून दिले. कामगार संघटनांनी ते हत्यार उचलले आणि पुढे सरकारला वेतन वाढवावे लागले. समितीच्या हेतूत खोट नव्हती. हिशोबात होती, आणि ती शोधायला समितीबाहेरचा डोळा लागला. हेच बंग पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेतून बालमृत्यू मोजू लागले. महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांनी मिळून २००१ मध्ये काढलेला ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल सांगत होता, की सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी अधिक बालके मरत आहेत. मग सरकारनेच बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

आजचे चित्र थोडक्यात सांगतो. मुंबईची सीएमआयई ही संस्था नरोत्तम शहा यांनी १९७६ मध्ये काढली. २०१६ पासून ती दरमहा बेरोजगारीचा आकडा देते. २०१७-१८ ची सरकारी उपभोग पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही, त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ पर्यंत देशाला घरखर्चाचा अधिकृत आकडा नव्हता. त्या काळात अभ्यासकांना अशा खासगी आकड्यांवर विसंबावे लागले. पण त्या आकड्यांनाही परीक्षा चुकली नाही. ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमंची यांनी २०२१ मध्ये दाखवले, की सीएमआयईच्या नमुन्यात गरीब घरे कमी पडतात. मुंबईतच सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने २००५ पासून ‘असर’ पाहणीतून मुलाच्या हातात एक साधा परिच्छेद देऊन विचारले, वाचता येते का? पाचवीतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे वर्षामागून वर्षे समोर आले. पट आणि वर्गखोल्या मोजणाऱ्या शिक्षण खात्यांना वाचन मोजणे भाग पडले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पायाभूत वाचन-गणिताला अग्रक्रम दिला तो या पार्श्वभूमीवर.

पण ‘असर’चा स्वयंसेवक जनगणनेच्या यादीतल्या गावात जातो आणि तिथली घरे निवडतो. अंबाडीच्या भट्टीवर कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून जे खोपट उभे राहते त्याला भोंगा म्हणतात. ते कोणत्याच गावचे घर नसते. पाड्यावरच्या घराला तेव्हा कुलूप असते. विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या त्या या मुलांसाठी. अशी शाळा भरली की त्या भट्टीवर मुले किती आहेत आणि कोणती अक्षरे ओळखतात हे आपोआप पटावर येते. उत्तमातल्या उत्तम स्वतंत्र संस्थेच्या जाळ्यातूनही भोंग्यातले मूल निसटू शकते, आणि ते शोधायचे तर भट्टीवर जाणारी माणसेच लागतात.

पैशाचा प्रश्न उरतो. दांडेकर–रथांच्या अभ्यासाला फोर्ड प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य होते. ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही अ. दा. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये मुंबईत काढलेली संस्था उद्योगजगताच्या बाजूची, आणि तिने ते कधी लपवले नाही. तिच्याच व्यासपीठावरून नानी पालखीवालांनी अर्थसंकल्प हजारो श्रोत्यांना समजावून सांगितला. पैसा कुठून आला यापेक्षा तो उघड सांगितला का, आणि देणाऱ्याला न आवडणारा निष्कर्ष छापायची मुभा होती का, हे मी आधी पाहतो. फोर्डच्या पैशावर झालेला अभ्यास सधनांवर भार टाका म्हणाला, ही त्या मुभेची खूण आहे. परदेशी देणग्या घ्यायला सरकारची परवानगी लागते, आणि दिल्लीच्या ‘सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च’ या अभ्यास संस्थेची ती परवानगी जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. देशी दात्यांनी, त्यातही महाराष्ट्रातल्या उद्योजकांनी, रावबहादूर काळे यांच्यासारखी देणगी अभ्यासाला दिली नाही तर सरकारबाहेरचे मोजणे बंद पडेल. मंदिराला आणि शाळेला हात सैल सोडणाऱ्या आपल्या समाजाने अजून हे पुरेसे ओळखलेले नाही.

दुसरी उणीव भाषेची. दांडेकरांनी म. भा. जगताप यांच्यासह ‘गावरहाटी’ मराठीत लिहिली, मराठी अर्थशास्त्र परिषद ‘अर्थसंवाद’ चालवते. तरी ज्यांच्याबद्दल हे सारे लिहिले जाते त्यांच्यापर्यंत अहवाल मराठीत क्वचित पोचतो.

म्हणून ठाणे-पालघरमध्ये पाहणी करणाऱ्या प्रत्येक संस्थेला माझे सांगणे आहे. पाहणी दिवाळीनंतर भट्ट्या सुरू असताना करा, भोंग्यातली कुटुंबे वेगळी मोजा, आणि अहवाल दिल्लीला पाठवाल त्याच आठवड्यात त्याची मराठी प्रत ग्रामपंचायतीत द्या. ग्रामसभेत तो मोठ्याने वाचून घ्या. ज्याचा बयाणा आणि खर्ची तुम्ही लिहून नेली, त्याला तुमची बेरीज तपासता आली पाहिजे.